केबिनखालची चूल

आधीच कबूल करतो, मी हे सदर वाचतो ते हसायला. जेवणाच्या सुट्टीत आमच्या लॅबमध्ये कुणीतरी मोठ्यानं वाचतं आणि बाकीचे डबा खात ऐकतात. हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीतून येणारी हाक, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... लिहिणाऱ्यांपैकी निम्मे खोटं बोलतात आणि उरलेल्यांची झोप झालेली नसते, असं माझं मत होतं. पहिल्या निम्म्यांबद्दल ते अजूनही आहे.

माझं शिक्षण बी.एस्सी. केमिस्ट्री. शाळा बावड्याची, कॉलेज बारामतीचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आता एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. जे मोजता येत नाही त्याला मी कधी किंमत दिली नाही.

हे घडलं मागच्या हिवाळ्यात, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरवर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी निम्मं पुणे मोबाइल घेऊन तिथं उभं राहील, आणि त्यात माझ्या आतेभावाचाच फायदा आहे.

आतेभाऊ म्हणजे प्रमोद. कंपनीनं मशिनरी बसवायला त्याला सहा महिने कॅनडाला पाठवलं होतं. गेला तेव्हा फिटर होता, आला तेव्हा जगप्रवासी. भाकरीचा तुकडा मोडला तरी "तिकडं कसं असतं..." म्हणून सुरुवात. तिकडं म्हणे नदी गोठते. त्या गोठलेल्या नदीवर लाकडाच्या खोल्या मांडतात, आत हीटर, जमिनीत भोक. लोक उबेला बसून त्या भोकातून दोऱ्या सोडतात आणि बोटाएवढे मासे धरतात. तिकडं ते बरोबरच असेल. बाहेर जीव घेणारी थंडी असेल तर माणूस आत बसून मासे धरेल नाहीतर काय करेल?

प्रमोदनं ते इंदापुरात आणलं.

प्लॅस्टिकच्या ड्रमवर तरंगणारी केबिन केली. भिंती दुहेरी पत्र्याच्या, आत सोफा, गॅसवर चालणारा हीटर. मध्ये जमिनीत दोन फुटी चौकोनी भोक, आणि — हे मी रचून सांगत नाही — भोकाभोवती पांढरा थर्माकोल. बर्फ म्हणून. पुण्याहून आलेली मंडळी लोकरीच्या टोप्या घालून त्या थर्माकोलवर पाय सोडून बसायची आणि कणकेच्या गोळ्या लावून बोटभर आमळी मासळी धरायची. हीटर लावला की दहा मिनिटांत घाम फुटायचा. मग खिडक्या उघडायच्या. खिडक्या उघडल्या की हीटर मोठा करायचा.

"दत्तू, हा एक्सपिरियन्स हाय," प्रमोद मला म्हणाला.

"कसला? डोक्यावर पडल्याचा?"

"तुला न्हाय कळायचं. तू तिकडं गेला न्हाईस."

मी गेलो नाही हे खरं. मला जिथवर जाता आलं तिथवर त्याच्या आईनं पोचवलं, एवढंच मला ठाऊक आहे. हौसाआत्या. कॉलेजची तीन वर्षं तिनं रोज सकाळच्या एसटीत माझा डबा ठेवला. कंडक्टर बदलले, ड्रायव्हर बदलले, डबा चुकला नाही. बारामती स्टँडवर डबा घेताना तो कोमट असायचा. मेसचं जेवण परवडत नाही म्हणून शिक्षण सोडलेली दोन-तीन मुलं मला आजही आठवतात. त्यांना अशी आत्या नव्हती, फरक तेवढाच.

तर मागच्या हिवाळ्यात आत्याच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी पुण्याला ऑपरेशनची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, उशीर करू नका. आत्या हो म्हणाली. त्याच आठवड्यात मी भेटायला गेलो तर पडवीत बाजेवर बसून पावटा सोलत होती. चार शेंगा सोलायच्या आणि दम खायचा.

"दत्ता, पम्याच्या त्या तरंगत्या खोलीत जाणार हायस का?"

"कशाला? थर्माकोल बघायला?"

"माझं एक काम हाय."

आत्याचं सासर म्हणजे धरणात गेलेलं गाव. पाणी चढलं तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली होती. दुष्काळात पाणी आटलं की त्या गावाची वरची आळी उघडी पडते. लोक बघायला जातात, दगड आणि गाळ बघून येतात. आत्याचं घर मात्र खालच्या आळीत, नदीच्या अंगाला. ते कधीच उघडं पडलं नाही. आणि प्रमोदची केबिन नेमकी त्याच आळीवरच्या पाण्यात दोरांनी बांधलेली. यात गूढ काही नाही. केबिन सांभाळणाऱ्या दगडूतात्यानं ती जागा निवडली होती. तात्या त्याच आळीत लहानाचा मोठा झालेला, आणि पडक्या भिंतींच्या आसऱ्याला मासळी जमते हे त्याला माहीत होतं.

"घर कायमचं सोडताना आमच्यात रिवाज हाय," आत्या म्हणाली. "शेवटची भाकरी झाली की धाकट्या सुनंनं चुलीत दूध वतायचं. चर्र वाजलं की चूल मोकळी झाली. मग घरातनं पाय काढायचा. माझ्या हातात दुधाची किटली दिली व्हती."

"मग?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"राहिलं म्हंजे राहिलं. तव्यावरची भाकरीबी तशीच. गाडीत बसल्यावर सासूबाईनं इचारलं, वाजलं का गं? मी म्हटलं, वाजलं."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. "आत्या, त्या चुलीवर चाळीस वर्षांहून जास्त काळ पाणी उभं आहे. आख्खी भीमा ओतली तिच्यावर. अजून दूध कशाला?"

"पाणी न सांगता आलं, दत्ता. न सांगता आलेल्यानं न्हाय विझत चूल. आपल्या माणसानं सांगून विझवायची असती."

"मग प्रमोदला सांग. त्याची केबिन आहे."

"तो व्हिडिओ काढंल त्याचा. मग पुण्याची माणसं दूध घेऊन यायची. तू शिकलेला हायस, तू गप राहशील."

हो म्हणालो. मनात काय म्हणालो ते लिहीत नाही.

रविवारी सकाळी तिनं म्हशीच्या धारेचं दूध किटलीत भरून दिलं. मी तात्याच्या होडीतून केबिनवर पोचलो. आत चार पाहुणे, सगळे टोपीत, सगळे घामाघूम. एक बाई थर्माकोलवर झोपून फोटो काढून घेत होत्या. प्रमोदची दूध पावडर संपली होती. त्यानं माझ्या हातातली किटली बघितली.

"मंडळी! म्हशीच्या ताज्या दुधाची कॉफी!"

मी म्हणू शकलो असतो की दूध दुसऱ्या कामाचं आहे. मग कुठल्या, ते सांगावं लागलं असतं. त्या टोप्यांसमोर चूल, भाकरी, सासूबाई हे सगळं... मी गप्प बसलो. वर एक कप मलाही मिळाला. कॉफी चांगली होती, हेही लिहून टाकतो.

तात्या कोपऱ्यात तंबाखू मळत सगळं बघत होता. परत येताना होडीत एवढंच म्हणाला, "किटली हलकी झाली."

"झाली."

"वतली का पेली?"

मी किटलीचं झाकण घट्ट लावलं.

पडवीत आत्या वाटच बघत होती. "वाजलं?"

"वाजलं."

"कसं?"

"चर्र."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, ओळखीच्या माणसाकडं बघतात तसं. "बरं," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

ऑपरेशनच्या दिवशी गाडी दारात आली आणि आत्या बाजेवरून उठेना. मला प्रमोदचा फोन आला. जगप्रवाशाचा आवाज पार उतरलेला.

"दत्तू, आई म्हणतीय चूल पेटती ठेवून मी उंबरा वलांडायची न्हाय. एकदा वलांडला, बास झालं. कसली चूल? आमच्याकडं गॅस हाय."

मी तिच्याशी बोललो. डॉक्टरांचे शब्द परत सांगितले, आवाज चढवला, विनवलं. ती म्हणाली, "माझा जीव हाय, दत्ता. मला ठाऊक हाय काय राहिलंय ते." फोन मी टेबलावर आपटला. संतापानं. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ही एकच गोष्ट जात नाही, की माणूस मरायला तयार होतो पण मूर्खपणा सोडायला तयार होत नाही. आणि त्या संतापाखाली दुसरं काहीतरी होतं... किटलीचा रिकामा तळ. पण ते मी त्या वेळी कबूल केलं नसतं.

प्रमोद नवीन तारीख मिळवायला पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी आत्याच्या गोठ्यातून स्वतः दूध घेतलं आणि बॅकवॉटरवर गेलो. बरोबर थर्मामीटर, दोरी बांधलेली नमुन्याची बाटली आणि रिकाम्या दोन-तीन बाटल्या. मी ठरवलं होतं, या वेळी सगळं मोजायचं. तळाच्या पाण्याचं तापमान कागदावर लिहून आत्याला दाखवायचं आणि म्हणायचं, घे, ही तुझी चूल, एवढी गार आहे.

केबिनमध्ये पाहुणे नव्हते. हीटर मी लावला नाही, तात्यानंही नाही. गारठा होता, श्वासाची वाफ दिसत होती. तात्या तंबाखू खातो, विडी ओढत नाही. हे सगळं लिहितोय कारण पुढं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं.

बाटली तळाला सोडून भरून घेतली, वर ओढून थर्मामीटर बुडवला. वरच्या पाण्यापेक्षा अंशभर गारच. आकडा लिहिला, सही केली.

"झालं का मोजून, केमिस्टसायब?" तात्या म्हणाला. "आता घर कुठं हाय ते बघायचं का?"

घर शोधायची त्याची रीत अशी. दोरीला मुठीएवढं शिसं बांधलेलं. शिशाच्या बुडाला खळगा, त्यात कणीक दाबून भरायची. शिसं तळाला टेकवायचं आणि वर ओढायचं. कणकेला गाळ चिकटून आला तर खाली रस्ता किंवा अंगण, खडे आले तर भिंत. आमळी धरायला आणलेलीच कणीक, त्याच परातीतली. त्यानं पहिल्यांदा सोडलं, अकरा वाव दोरी गेली. दोन्ही हात पसरले की एक वाव. वर आला तो काळा गाळ. त्यानं खिडकीतून पलीकडच्या काठावरचा टॉवर आणि अलीकडची वाकडी बाभळ नजरेनं जुळवली, केबिनचा एक दोर सैल केला, एक ताणला. दुसऱ्यांदा खडे आले.

"ही उगवतीची भिंत. तुझ्या आत्याची चूल ह्याच्या आतल्या अंगाला. पावसात आमी पोरं तितंच शेकायला बसायचो."

अजून हातभर केबिन सरकवली. नवी कणीक भरली. "घे, तूच सोड. तुझं काम हाय."

मी सोडलं. तळ लागला. थोडा वेळ तसंच ठेवलं, कारण तात्या बाहेर दोर बांधत होता. मग ओढायला लागलो. दोरी गार, ओली, नेहमीसारखी. शेवटी शिसं भोकातून वर आलं आणि मी ते हातात धरलं.

शिसं गरम होतं. चटका बसेल इतकं नाही. स्टँडवर घेतलेला डबा असायचा तेवढं.

खळग्यातली कणीक भाजलेली होती. ओली झालेली नाही, शिजलेली नाही. भाजलेली. वर तपकिरी ठिपके, कडेला जरा काळी, आणि तिला करड्या रंगाची राख लागलेली. कोरडी राख. मी बोटानं झटकली तर ती भोकातल्या पाण्यावर पडली आणि तरंगली.

तात्या आत आला. मी शिसं पुढं केलं. त्यानं वास घेतला.

"भाजलीय," तो म्हणाला, आणि खाली बसून डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

परातीत उरलेली कणीक मी चाचपून बघितली. कच्ची, गार, पांढरी. हीटरला हात लावला. बर्फासारखा. खऱ्या बर्फासारखा, प्रमोदच्या नाही.

भाजलेला तुकडा मी चिमट्यानं सोडवून बाटलीत टाकला आणि झाकण लावलं. हात आपोआप काम करत होते. मग किटली उचलली. ओतायच्या आधी सांगायचं असतं हे आठवलं, पण काय सांगायचं ते आत्यानं सांगितलं नव्हतं. तात्याकडं बघितलं, तो खाली बघत होता. थर्माकोलच्या बर्फावर गुडघे टेकून, त्या भोकात तोंड घालून मी बोललो, "हौसाआत्यानं पाठवलंय. उशीर झाला." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हास्यास्पद वाक्य आहे ते, आणि ते बोलताना मला अजिबात हसू आलं नाही.

दूध ओतलं. पांढरा ढग पाण्यात पसरला, फिका झाला, गेला. मी कान देऊन ऐकत होतो. ड्रमवर पाणी आपटत होतं. लांब कुठंतरी मोटर चालू होती. बाकी काही नाही.

परत कणीक भरून शिसं सोडलं. वर आलं ते गार. कणीक कच्ची, तिला गाळ, आणि एका बाजूला कुठल्यातरी माशानं टोचलेलं.

पडवीत आत्या पावटाच सोलत होती. मी समोर बसलो.

"वाजलं?"

खोटं जिभेवर तयार होतं. ऑपरेशन पुढं गेलेलं, तिचा दम वाढलेला... एका शब्दाचं काम होतं. पण हात अजून त्या शिशाच्या उबेत होता.

"नाही वाजलं आत्या. मी ओतलं, सांगून ओतलं. पण मला काही ऐकू आलं नाही. आणि त्या रविवारी मी ओतलंच नव्हतं. त्या दुधाची कॉफी झाली. मी पण प्यायलो."

तिनं हातातली शेंग सोलली. मग म्हणाली, "गोड व्हती का?"

"होती."

"मीबी पेले व्हते," आत्या म्हणाली. "त्या घरात सुनंला दूध मिळत नव्हतं. किटली हातात, घरात कुनी न्हाय. उभ्यानं पेले सगळं. मग वतायला काय उरणार?" ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, पाठ चोळावी लागली. "सासूबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं तवा व्हटावर साय व्हती. कळलं व्हतं म्हातारीला. बोलली न्हाय."

मी खिशातून बाटली काढली. तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, नखानं काळी कड खरवडली. हा काय आहे, कुठून आणला, काही विचारलं नाही.

"करपलीय," म्हणाली. "करपायचीच. किती वर्सं तव्यावर."

त्यातला अर्धा तिनं मोडून तोंडात टाकला. मला अडवता आलं नाही.

"आवाज मला आला, दत्ता," ती चावता चावता म्हणाली. "तुझं तू खरं बोललास, बास झालं. पम्याला फोन लाव. पिशवी भरायची हाय."

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. आत्या आता बरी आहे, पावटा एका दमात सोलते.

उरलेला अर्धा तुकडा मी लॅबमध्ये आणला. राखेचा कण ओल्या लिटमसवर ठेवला, लाल कागद निळा झाला, म्हणजे राखच. कणकेचा कण भिंगाखाली बघितला. आच लागलेली कणीक आणि भिजलेली कणीक यांतला फरक ओळखायला माझ्याएवढं शिक्षण पुरतं. लॅबमधल्या दोघांना सांगितलं. एक म्हणाला, तळाला गरम पाण्याचा झरा असेल. तळाच्या पाण्याचा आकडा दाखवला तर म्हणाला, थर्मामीटर बिघडला असेल. दुसरा म्हणाला, म्हातारीचा आत्मा. म्हातारी जिवंत आहे, हे सांगितल्यावर म्हणाला, मग सासूचा. भुतं मानणाऱ्यांची मला कीव यायचीच, पण हातातला आकडा नाकारून वर विज्ञानाचं नाव घेणारे त्यांच्याहून बरे आहेत, असं आता म्हणवत नाही. तात्यानं शिसं आणून दिलं होतं, तेही तपासलं. शिसंच आहे.

लिहू का, असं आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पर दूध पेलास तेबी लिही." लिहिलं. प्रमोदला यातलं काही माहीत नाही. त्याच्या हातात हे पडलं तर तो हीटर काढून टाकेल आणि खालून शेकायचं म्हणून जाहिरात करेल. तेवढं होऊ नये, एवढीच वाचकांना विनंती.

तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात बाटलीत आहे. वर लेबल लावलंय. नमुना कशाचा ते लिहिलंय, कुठून घेतला ते लिहिलंय, तपासणी काय केली तेही. निष्कर्षाचा रकाना मोकळा आहे. कितीदा पेन हातात घेतलं... आणि मोकळ्या रकान्याखाली सही करायची मला सवय नाही.